मोगऱ्याच्या बुडाशी उकळतं पाणी

पातेलंभर उकळतं पाणी मी मोगऱ्याच्या बुडाशी ओतलं. एकाच जागी नाही ओतलं. चारी बाजूंनी फिरवून ओतलं, रोज संध्याकाळी गार पाणी घालायची तसंच. मातीतून वाफ निघाली आणि भाजी शिजल्यासारखा वास आला. इतकी वर्षं मला त्या झाडाचा एकच वास माहीत होता. हा दुसरा त्या सकाळी कळला.

दारात टेम्पो उभा होता. कपाट, पलंग, पिठाचे डबे, शिलाई मशीन, सगळं दोरीने आवळून झालं होतं. टेम्पोवाल्यांना चहा करायचा म्हणून शेगडी तेवढी मागे ठेवली होती. त्यांचा चहा झाला आणि मी त्याच शेगडीवर मोठं पातेलं चढवलं. यांना वाटलं, भांडी धुवायला असेल. हे पुढे ड्रायव्हरशेजारी बसून ओरडत होते, "बठ्ठं व्हयनं ना? आते काय माटी भी लई चालनी का?" सगळं झालं ना, आता मातीही नेतेस का, असं.

मी पातेलं विसळलं, फडक्यात गुंडाळलं आणि टेम्पोत चढले. लोक म्हणतात, घर सोडताना डोळे भरून आले. माझे नाही आले. वाफेने मनगटाला चटका बसला होता, तो धुळ्यापर्यंत चुरचुरत होता.

दीपनगरच्या कॉलनीत माझ्याबरोबर राहिलेल्या बायांनो, तुम्ही आता भुसावळ, जळगाव, नाशिक, पुणे, जिथे मुलगा तिथे गेलात. काही अजून तिथेच आहात. महिन्याभराने तुमच्यातल्याच एकीने मला फोन करून विचारलं होतं, "अक्का, तुमचा मोगरा एकदम कसा वाळला हो?" मी म्हटलं, उन्हाने वाळला असेल. ते खोटं होतं. म्हणून आता लिहून काढते. मी चौथी शिकलेली बाई आहे, सजवून लिहिता येत नाही.

माझं माहेर सोनगीरच्या अलीकडे, रस्त्यावरून किल्ला दिसतो त्या बाजूला. लग्नानंतर पहिल्यांदा दीपनगरला निघाले तेव्हा आई एसटीपर्यंत आली होती. रडली नाही. खिडकीतून पिशवी आत देताना एवढंच म्हणाली, "जठे जाशी तठे काही लावजो वं पोरी." पिशवीत झेंडूचं वाळलेलं फूल होतं, बियांसाठी.

यांच्या वीजकेंद्राच्या कॉलनीत तळमजल्याचा क्वार्टर मिळाला. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि पुढे दोन खाटा मावतील एवढी जागा. जागा कसली, बांधकामाचा उकिरडा होता तो. गिट्टी, सिमेंटची ढेकळं, विटांचे तुकडे. मी महिनाभर पहार घेऊन खणलं. विटांचे तुकडे काढून त्यांचाच काठ लावला. हे ड्यूटीवरून येताना सायकलला गोणी बांधून शेतातली माती आणायचे आणि दर गोणीला तेच वाक्य बोलायचे, "हाई आपलं घर नही. क्वार्टर शे." शेणखत मी गवळ्याकडून डोक्यावर आणलं. पहिल्या वर्षी झेंडू, दुसऱ्या वर्षी जास्वंद आणि अबोली, मग गावठी गुलाब. मोगरा सगळ्यांत शेवटी आला, कारण तो चोरायचा होता.

आमच्याकडे बायका मानतात की फुलझाडाची फांदी मागून आणली तर लागत नाही, न विचारता आणली तर लागते. म्हणून द्यायची असली तरी मालकिणीने 'घे' म्हणायचं नाही. तिने पाठ फिरवायची आणि घेणारीने घ्यायची. माझ्या आईने शेजारणीची शेवंती अशीच आणली होती. आई अंगणात खुरपं चालवत होती आणि शेजारीण विहिरीकडे तोंड करून उभी होती. विहिरीत पाहण्यासारखं काही नव्हतं. मी मात्र मोगरा खरोखरचा चोरला. साहेब लोकांच्या बंगल्याच्या कुंपणातून हात घालून फांदी मोडली. तिथे पाठ फिरवणारं कुणी नव्हतं, पाठ होती ती माझीच, घराकडे पळताना.

भुसावळकडचा मे महिना तुम्हाला सांगायला नको. नळाचं पाणी दुपारी हाताला सोसत नाही. त्या उन्हात बाकी सगळी झाडं माना टाकायची आणि मोगरा तेवढा आनंदात असायचा. संध्याकाळी मी भिंतीला टेकून बसायची, बादलीतून तांब्याने पाणी घालायची. पहिला तांब्या माती घटकेत पिऊन टाकते, दुसऱ्याला थोडी थांबते, तिसरा वर तरंगतो. मग कळ्या मोजायच्या. उद्या सकाळी किती उमलणार ते आदल्या संध्याकाळीच कळतं. टपोरी, दुधाळ कळी उद्याची. हिरवट टोकाची परवाची. दिवसभर स्वयंपाक, धुणं, यांच्या शिफ्टचे डबे, आणि मग हा अर्धा तास. त्या अर्ध्या तासात मला कुणी हाक मारलेली चालायची नाही. मुलगा पडला, गुडघा फुटला, तरी मी मोजणी संपवून उठायची.

मोगऱ्याचं एक गुपित आहे. संक्रांतीनंतर त्याचं पाणी तोडायचं. महिनाभर थेंब द्यायचा नाही. पानं ओरबाडून काढायची, बुडाची माती उकरून मुळांना ऊन दाखवायचं. झाड मेल्यासारखं दिसतं. मग शेणखत घालून पाणी सोडायचं, की पानाआधी कळ्या येतात. हे मला कुणी शिकवलं नाही. एका वर्षी टायफॉईडने महिनाभर पडून होते, झाडाला पाणी मिळालं नाही, आणि त्या उन्हाळ्यात ते पांढरंफेक झालं, तेव्हा कळलं. मी हे कुणालाच सांगितलं नाही. मुख्य म्हणजे कुमुदला सांगितलं नाही.

कुमुद आमच्या डोक्यावर राहायची, पहिल्या मजल्यावर. माहेर सावद्याकडचं. माझ्याहून दहा वर्षांनी लहान. तिच्या गॅलरीतून माझा बगीचा ताटासारखा दिसायचा, आणि तिला स्वतःला मातीचा एक वीतभर तुकडा नव्हता. बावीस वर्षं तिने वरून पाहिलं आणि बावीस वर्षं पहाटे खाली उतरून एक-एक फूल नेलं. मी मोजलेलं असायचं.

"कुमुद, काल एकोणतीस होत्या. आज अठ्ठावीस आहेत."

"अक्का, तुम्ही कळ्या मोजता का हजेरी घेता वो?"

"हजेरीच घेते. एक गैरहजर आहे."

"देवाले वाहिली. देवानं फुलासाठी काय आता कॉलनी सोडून जायचं?"

देवाला वाहिलेलं फूल दुपारी तिच्या वेणीत असायचं. तिचे केस कमरेपर्यंत, दाट, काळेभोर. माझे पहिल्यापासून पातळ. माझं फूल माझ्यापेक्षा तिच्या केसांत शोभायचं, आणि कॉलनीतल्या बाया तिला म्हणायच्या, काय सुरेख मोगरा गं. एकदा मी बोललेच, "मोगरा माझा आहे." ती हसून म्हणाली, "केस तर माझेच आहेत ना, अक्का."

असं असूनही तिच्याशिवाय माझं पान हलायचं नाही, हेही खरं. माझं बाळंतपण तिने केलं. तिच्या सासूच्या आजारपणात चार महिने माझ्याकडून भाकरी वर जात होती. मी माहेरी गेले की झाडांना पाणी तीच घालायची. मात्र संक्रांतीला ती सावद्याला जायची, आणि तेवढ्या दिवसांत मी मोगऱ्याची पानं ओरबाडून घ्यायची. ती परत आली की विचारायची, झाडाला काय झालं. मी सांगायची, थंडीने झडली पानं. बावीस वर्षं तिने ते खरं मानलं.

हे रिटायर झाले तेव्हा क्वार्टर सोडायला थोडे दिवस होते. मुलाने धुळ्याला देवपुरात फ्लॅट घेतलेला. सामान बांधायच्या दिवशी संध्याकाळी कुमुद खाली आली. हातात टेलरची टेप होती.

"अक्का, खिडकीचं माप घेऊ का? पडद्याले."

"कुणाच्या पडद्याला?"

"आमच्याच. आम्हाले भेटला ना हा क्वार्टर." मग माझं तोंड पाहून म्हणाली, "यांनी फेब्रुवारीतच अर्ज दिला होता. तुम्हाले वाईट वाटीन म्हणून बोलली नाही."

फेब्रुवारी ते मे. चार महिने ती रोज माझ्या ओट्यावर बसून चहा प्यायली होती. मी रोज तिच्यापुढे रडगाणं गायले होते की माझ्यामागे या झाडांचं कोण करेल. ती 'हो ना' म्हणायची.

तिने माप घेतलं. जाताना दारात थांबली, मोगऱ्याकडे पाहिलं आणि हसत म्हणाली, "आता कळ्या मोजू नका हं."

तिने गंमत केली होती. इतकी वर्षं आम्ही एकमेकींची हीच गंमत करत आलो होतो. पण त्या दिवशी ते वाक्य मला गिळता आलं नाही. ही उद्यापासून माझ्या भिंतीला टेकून बसणार, तिसरा तांब्या वर तरंगलेला पाहणार, आणि हिला मोजायचीही गरज नाही, सगळ्याच तिच्या. सकाळी मी पातेलं चढवलं.

धुळ्याच्या घरात काही कमी नाही. लिफ्ट आहे. नळाला पाणी आहे, नसलं तर टाकी आहे. तिसरा मजला. बाल्कनीत कपडे वाळत घालायचा स्टँड आणि वॉशिंग मशीन, उरलेल्या जागेत एक खुर्ची. मी पहिल्याच महिन्यात दोन कुंड्या आणल्या. सून मनीषा शाळेत शिकवते, बोलायला गोड आहे. ती म्हणाली, "आई, डास होतील." डास झाले नाहीत, पण कुंडीतलं पाणी खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या चादरीवर ठिबकलं. खालची बाई वर आली. मनीषाने माफी मागितली आणि कुंड्या गच्चीत गेल्या. गच्चीला कुलूप, किल्ली सेक्रेटरीकडे. झाडं किल्लीची वाट पाहत मेली.

तळमजल्याला एक नाना राहतात, एसटीतून रिटायर झालेले. बिल्डिंगच्या कडेने त्यांनी गुलाब लावलेत. ग्रो बॅग म्हणतात त्या काळ्या पिशव्या, त्यात कोकोपीट नावाचा भुसा. माती नाहीच. मला ते पाहून हसू यायचं, पण गुलाब हसण्यासारखे नव्हते, वाटीएवढे होते. लाल, पिवळे, एक केशरी. मी रोज बाल्कनीच्या कठड्याला पोट टेकवून खाली पाहायची. त्यांनी छाटणी चुकीच्या ठिकाणी केली की मला बरं वाटायचं. तरी फुलं यायची, की मग दिवस खराब जायचा.

एका सकाळी मी दूध आणायला उतरले आणि पिवळा गुलाब तोडला. कुणी पाहिलं नाही. यांच्या देव्हाऱ्यात वाहिला. दुसऱ्या दिवशी नाना लिफ्टपाशी भेटले.

"अक्का, पिवळा गुलाब दिसत नाही कालपासून. तीन होते, दोनच आहेत."

"मोजता का तुम्ही?" मी म्हटलं.

म्हणाले, "मग काय, मोजायचे नाहीत?"

मी वर आले आणि खुर्चीत बसले. मी आता वरच्या मजल्यावरची बाई होते. पहाटे उतरून दुसऱ्याचं फूल नेणारी.

दुसऱ्या वर्षी हे गेले. फार झिजले नाहीत. शेवटच्या दिवसांत एकदा छताकडे पाहत म्हणाले, "हाई तरी आपलं घर शे का वं?" मी म्हटलं, "पोऱ्यानं शे," मुलाचं आहे. ते म्हणाले, "म्हंजे क्वार्टरच." त्यांना आणि मला हसू आलं. मनीषा आतून धावत आली, काय झालं म्हणून. तिला अहिराणी कळत नाही.

तिसऱ्या श्रावणात कुमुदचा फोन आला. "अक्का, आमच्याकडे कानबाई बसते आहे. येता का?"

खानदेशातल्यांना कानबाई सांगायला नको, पण पुण्याला गेलेल्यांच्या नातवंडांसाठी सांगते. श्रावणातल्या रविवारी नारळाला डोळे, नथ, दागिने घालून देवी मांडायची. दुसऱ्या दिवशी वाजतगाजत नदीवर पोचवायची. दूरदूरची माणसं त्या दिवशी घरी येतात. मी लगेच हो म्हटलं. देवीसाठी नाही. मला मोगऱ्याची जागा पाहायची होती. वाळला हे ऐकलं होतं. डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. तिने तिथे काय लावलं असेल, की उघडीच ठेवली असेल? पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ, सबंध रस्ता मी तेवढाच विचार करत होते. आणि तिला कळलं असेल का, हा विचार त्याच्या पाठोपाठ येत होता.

माझ्या क्वार्टरला हिरवे पडदे होते. माप बरोबर बसलं होतं. भिंतीवर यांनी ठोकलेला खिळा तसाच होता, त्याला आता कुमुदच्या नवऱ्याची टोपी. देवी चौरंगावर, बाजूला केळीचे खांब. फुलं बघितली. सगळी झेंडूची, बाजारातली, दोऱ्यात ओवून आलेली. मोगऱ्याचं एकही नाही. मला बरं वाटलं. मग कुमुदने मला कुंकू लावलं. यांच्यामागे बायका माझ्या कपाळाशी हात आणून थांबतात. तिचा हात थांबला नाही. तेव्हा मघाच्या बरं वाटण्याची थोडी लाज वाटली.

खीर, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, पुरणपोळी असं ताट वाढलं. वाढताना कुमुद हळूच म्हणाली, "रोट तेवढा तुम्हाले देता येत नाही, अक्का. तो घरच्यांचाच."

मला माहीत होतं. कानबाईचा रोट हा देवीचा नैवेद्य, तो भाऊबंदांतच खातात, कितीही जवळची असली तरी बाहेरच्या माणसाला देत नाहीत. माझ्याकडे कानबाई बसायची तेव्हा मीही हिला कधी दिला नव्हता, आणि ती बिचारी वरच्या मजल्यावर वासावर राहायची. पण ज्या ओट्यावर मी सव्वीस वर्षं रोट भाजले त्याच ओट्यापाशी बसून 'घरच्यांचाच' हे ऐकावं लागलं. बाहेरची होते मी.

जेवून हात धुतले आणि पुढच्या अंगणात आले. मोगरा तिथेच होता.

बुडखा अर्धा काळा, जळक्या लाकडासारखा. मी जिकडे उभी होते आणि जास्त पाणी पडलं होतं ती बाजू. पण भिंतीकडच्या बाजूने फुटवे आले होते, माझ्या छातीपर्यंत, काळपट हिरवी पानं, दाट. फूल एकही नाही, कळीही नाही. मी तिथे उभी राहिले आणि मला एकदम हायसं वाटलं. लगेच दुसरं वाटलं ते असं की, हे झाड माझ्यावाचून दोन वर्षं जगलं. मेलं असतं तर माझं म्हणून मेलं असतं.

कुमुद दारात आली होती.

"तुम्ही गेल्या अन् आजारी पडला तो," ती म्हणाली. "पार वाळला होता. वर्षभरानं जरा धरलं. आता पानं पाहा किती, पण फुलायचं नाव नाही. खत घातलं, पाणी दोन टाइम देते. काय हवं याले, अक्का?"

काय हवं ते मला माहीत होतं. पाणी नको होतं. मी म्हटलं, "येतील फुलं. वेळ लागतो."

तिने पदराला हात पुसले. मग म्हणाली, "मी चहा टाकते. दूध तापवायचं आहे अजून, मले येळ लागीन." आणि आत जाऊन तिने दार लोटून घेतलं. घरात वीस माणसं असताना, सणाच्या दिवशी, पुढचं दार कुणी लोटत नाही.

पायरीवर विळा होता. त्याच्याशेजारी गोणपाटाचा ओला तुकडा, घडी घातलेला.

मी खाली वाकून पाहिलं. मोगऱ्याची एक फांदी वाकवून जमिनीत दाबली होती आणि वर वीट ठेवली होती. माझ्या काठाची वीट. वीट उचलली, बोटांनी माती सारली. फांदीला मुळं फुटलेली, पांढरी, बोटभर. असं कलम तयार व्हायला दीड-दोन महिने लागतात. म्हणजे मला फोन करायच्या आधीच तिने फांदी दाबली होती.

मी विळ्याने फांदी तोडली, मुळांवर माती राहू दिली, गोणपाटात गुंडाळून पिशवीत घातली. वीट परत जागेवर ठेवली. मागे वळून पाहिलं, पंचवीस वर्षांपूर्वी बंगल्याच्या कुंपणापाशी पाहिलं होतं तसं. मग मी जरा जोराने खाकरले आणि दार उघडलं. चहा घेताना कुमुदने पिशवीकडे एकदाही पाहिलं नाही. मीही आभार मानले नाहीत. मानले असते तर कलम लागलं नसतं.

धुळ्याला आल्यावर तेलाच्या पंधरा किलोच्या डब्यात लावलं. डब्याखाली परात ठेवली, चादरी वाळवणारीची तक्रार नको. मनीषा डासांचं काही बोलली नाही. वॉशिंग मशीन तिनेच एक वीत सरकवलं. कलम लागलं.

संक्रांत आली. कुमुदच्या मोगऱ्याचं पाणी तोडायचा हंगाम. माझं झाड लहान, त्याला त्या वर्षी फूल येणारच नव्हतं. सांगितलं तर तिचा फुलेल आणि माझा नाही. चार दिवस मी फोन हातात घेतला आणि ठेवला. पाचव्या दिवशी लावला.

"कुमुद, मोगऱ्याचं पाणी तोड."

"काय?"

"महिनाभर थेंब घालू नको. पानं सगळी ओरबाड. बुडाची माती उकर, मुळांना ऊन लागू दे. मग शेणखत घालून पाणी सोड."

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काहून हो अक्का? उकळत्या पाण्यानं नाही मेला, तर आता तहानेनं मारता का त्याले?"

मी विचारलं, "तू पाहिलंस?"

"गॅलरीत होती मी. तुम्हाले टाटा करायले उभी राहिली होती. तुम्ही वर पाहिलंच नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"टेम्पो वळला अन् खाली धावली. सात बादल्या पाणी घातलं. बोलायले वेळ कुठी होता?"

"नंतर तरी. अडीच वर्षं झाली."

"मीही तर अर्जाचं चार महिने नव्हतं सांगितलं," कुमुद म्हणाली. मग विचारलं, "पानं सगळीच काढू? का शेंड्याची ठेवू?"

"सगळी," मी म्हटलं.

"थंडीनं झडत होती म्हणे," ती म्हणाली, आणि इतकी हसली की मला फोन कानापासून लांब धरावा लागला.

एप्रिलात मोबाइलवर फोटो आला. पानं दिसतच नव्हती. खाली तिने लिहिलं होतं, 'मोजल्या. एकशे बारा.' इतक्या माझ्या हातून कधी आल्या नव्हत्या. माझा जीव असा जळला की दोन दिवस मी तिला उत्तर पाठवलं नाही. तिसऱ्या दिवशी लिहिलं, 'पुन्हा मोज. इतक्या नसतील.' तिने पुन्हा मोजून पाठवल्या. एकशे चौदा.

माझ्या डब्यातल्याला त्याच्या पुढच्या वर्षी कळ्या आल्या. सात. संध्याकाळी मोजल्या, सकाळी सहा. तिसऱ्या मजल्यावर पहाटे कोण येणार? मनीषा शाळेला निघाली होती, सातवं तिच्या केसांत होतं. तोंडावर आलेलं मी गिळलं आणि स्वयंपाकघराकडे वळून उभी राहिले, ती दाराबाहेर जाईपर्यंत. तिथे पाहण्यासारखं काही नव्हतं.

यंदा कुमुदचे यजमानही रिटायर झाले. ती जळगावला मुलाकडे गेली, चौथ्या मजल्यावर. माझ्याहून एक मजला वर, हेही तिने सांगून घेतलं. मी विचारलं, क्वार्टर कुणाला मिळाला. म्हणाली, "नवी पोरगी आहे, विदर्भातली. मले विचारते, काकू, हे कशाचं झाड?"

"मग तू निघताना काय केलंस?"

"काय करायचं? एक कलम डब्यात घेतलं. अन् झाडाले बादलीभर पाणी घातलं. गार."

त्या पोरीला मी पाहिलेलं नाही. तिचं वय माहीत नाही, केस कसे आहेत माहीत नाही. पण या उन्हाळ्यात संध्याकाळी ती त्या भिंतीला टेकून बसली असेल, तर तिचा मला राग आहे. पाणी तोडायचं कुणी तिला सांगितलं नसेल. मी संक्रांतीपर्यंत वाट पाहणार आहे. मग बहुतेक कुमुदकडून नंबर घेईन.

घर म्हणजे काय, असं आता कुणी विचारलं तर मला मोठं काही सांगता येत नाही. हे म्हणायचे तसं सगळं क्वार्टरच आहे. झाड आपली वाट पाहतं, असं बाया म्हणतात. झाड कुणाची वाट पाहत नाही, ज्याने घातलं त्याचं पाणी पितं. वाट मीच पाहते, संध्याकाळची, डब्यापाशी खुर्ची ओढून. पहिला तांब्या, दुसरा तांब्या. तिसरा आता परातीत उतरतो.

त्या सकाळी तिथे आम्ही चौघं होतो. हे टेम्पोत, कुमुद गॅलरीत, मी आणि मोगरा. हे गेले. बाकीची तिघं आहोत.